कोंडीचे तास : अंधेरीचे रस्ते मोजताना

मरोळहून वर्सोव्याला निघालेला माणूस रस्त्यावरचा वेग ताशी किती किलोमीटर आहे हे कधी विचारत नाही. किती वाजता निघालो तर जाममध्ये सापडणार नाही, एवढंच त्याला हवं असतं. उत्तरंही त्याच भाषेत येतात. पाचच्या आत साकीनाका सोड, शाळा सुटायच्या आधी पार हो, नाहीतर सरळ नऊनंतर निघ. अंधेरीत राहणाऱ्या किंवा तिथे कामाला येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात असं एक वेळापत्रक पक्कं बसलेलं असतं. त्यात जाम कधी लागतो आणि कधी सुटतो याची नोंद असते आणि दर दोन-चार वर्षांनी ती थोडी बदलावी लागते. पूर्वी दुपारी मोकळा मिळणारा रस्ता आता दुपारीही मिळत नाही.

वाहतुकीचे अहवाल आणि जागतिक क्रमवाऱ्या बहुधा दुसराच प्रश्न विचारतात: ऐन गर्दीच्या तासात वाहनं किती हळू चालतात? प्रश्न चुकीचा नाही, पण अंधेरीसारख्या उपनगरासाठी अपुरा आहे. इथल्या मुख्य रस्त्यांवर गर्दीच्या वेळचा वेग इतका खाली आलेला आहे की तो आणखी घसरायला फारशी जागा उरलेली नाही. वाढते आहे ती कोंडीची मुदत. दिवसाचे किती तास रस्ता गंभीर कोंडीत असतो, हे मोजलं नाही तर नवा पूल, मेट्रो, सिग्नल किंवा रस्तारुंदी यांतल्या कशाने काय साधलं ते सांगता येणार नाही. आजवर वाहतूक कशी मोजली गेली आणि मुदत मोजायची तर कशी, याचा हा आढावा आहे.

आधी जागा पाहू. पश्चिम रेल्वेचे रूळ अंधेरीचे दोन तुकडे करतात. पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहन न्यायचं तर वाटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या: गोखले पूल, अंधेरी सबवे, दक्षिणेला विलेपार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, त्याच्याही दक्षिणेला सांताक्रूझचा मिलन सबवे आणि उड्डाणपूल, उत्तरेला जोगेश्वरीचा पूल. पूर्वेला विमानतळाची धावपट्टी आडवी आहे, त्यामुळे दक्षिणेकडचे सरळ रस्ते तिथेच संपतात. उत्तर-दक्षिण वाहतुकीला पश्चिम द्रुतगती मार्ग, एस. व्ही. रोड आणि लिंक रोड एवढे तीनच मोठे रस्ते. आडव्या दिशेला अंधेरी-कुर्ला रोड आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. याच चौकटीत १९७३ साली सीप्झ हे निर्यात क्षेत्र आलं, एमआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या जागी कार्यालयं उभी राहिली, २०१४ मध्ये विमानतळाचं टर्मिनल २ सुरू झालं. त्यामुळे सकाळी सगळी वाहतूक दक्षिणेला आणि संध्याकाळी उत्तरेला, हा मुंबईचा जुना नियम इथे पुरता लागू पडत नाही. साकीनाक्याला सकाळी दोन्ही दिशा भरलेल्या असतात.

मुंबईत वाहनं मोजण्याची परंपरा जुनी आहे. १९६२ मध्ये विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने शहराच्या वाहतुकीचा मोठा अभ्यास हाती घेतला आणि त्यातून द्रुतगती मार्ग व उड्डाणपुलांचे आराखडे पुढे आले. नव्वदच्या दशकात उड्डाणपूल बांधले गेले तेव्हाही पाया तोच होता: नाक्यावर माणसं बसवायची, दर १५ मिनिटांनी गेलेली वाहनं नोंदायची, प्रकारानुसार त्यांना भार द्यायचा. इंडियन रोड्स काँग्रेसची १९९० सालची शहरी रस्त्यांसाठीची मार्गदर्शिका मोटारीला १ एकक धरते. रस्त्यावर रिक्षांचं प्रमाण दहा टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर एका रिक्षाला २ एककं, त्याच स्थितीत बसला ३.७. दुभाजक असलेल्या चौपदरी मुख्य रस्त्याने दोन्ही दिशांना मिळून तासाला ३,६०० एककांपर्यंत वाहतूक वाहावी, असं ती सांगते. रस्ता आखायला हे आकडे उपयोगी पडतात.

कोंडी मोजायला मात्र ते दगा देतात. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायोत ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी रस्त्यावरच्या वाहनांची ठरावीक अंतराने छायाचित्रं घेतली आणि वेग व दाटी यांचं नातं मांडलं. दाटी वाढते तसा वेग उतरतो. आधी तासाला जाणारी वाहनं वाढत जातात, एका टोकाला पोचतात आणि मग दाटी आणखी वाढली की उलट कमी होऊ लागतात. म्हणजे तासाला हजार वाहनं गेली या एका आकड्यामागे दोन परस्परविरोधी चित्रं असू शकतात. एक पहाटेचा रिकामा रस्ता आणि दुसरा संध्याकाळी सातचा, जिथे वाहनं इंचाइंचाने सरकताहेत. मोजणी करणाऱ्याच्या कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. अंधेरी स्टेशनबाहेर एस. व्ही. रोडवर एखाद्या वर्षी वाहनसंख्या घटलेली आढळली, तर रस्ता मोकळा झाला म्हणायचं की आणखी तुंबला? नुसत्या संख्येवरून ते ठरवता येत नाही.

म्हणून वेग मोजण्याकडे वळावं लागलं. १९५४ मध्ये वार्ड्रॉप आणि चार्ल्सवर्थ यांनी ब्रिटनमध्ये एक सोपी पद्धत दिली. एक गाडी वाहतुकीबरोबर त्याच रस्त्यावरून दोन्ही दिशांना चालवायची. समोरून आलेली, आपल्याला ओलांडून गेलेली आणि आपण मागे टाकलेली वाहनं नोंदायची. त्यावरून प्रवाह आणि वेग दोन्ही काढायचे. पुढे अमेरिकेच्या १९६५ च्या क्षमता-नियमावलीने रस्त्याच्या सेवेला ए ते एफ अशा सहा श्रेणी दिल्या. आपल्याकडे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने भारतीय रस्त्यांवर प्रत्यक्ष अभ्यास करून २०१७ ची भारतीय नियमावली तयार केली. ही चांगली कामं आहेत. पण श्रेणींची उतरंड शेवटच्या पायरीवर संपते. रस्ता त्या पायरीवर पोचल्यावर तिथे अर्धा तास थांबला की सात तास, दोन्ही वेळा श्रेणी तीच मिळते. ज्या उपनगरातले बहुतेक नाके शेवटच्याच पायरीवर आहेत, त्याला ही श्रेणी पुढचं काही सांगत नाही.

मग आले निर्देशांक. टॉमटॉम या डच कंपनीने २०१८ सालच्या आकड्यांवरून मुंबईला जगातलं सर्वांत कोंडलेलं शहर ठरवलं, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. आकडा होता ६५ टक्के, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर लागतो त्यापेक्षा प्रवासाला सरासरी ६५ टक्के जास्त वेळ. पुढच्या वर्षी, २०१९ ला, मुंबई चौथ्या क्रमांकावर आली आणि सुधारणा झाल्यासारखं वाटलं. पण आकडा त्याही वर्षी ६५ टक्केच होता. वर बंगळुरू, मनिला आणि बोगोटा आली होती, पाठोपाठ पाचव्या क्रमांकावर पुणं होतं, एवढाच फरक. काही वर्षांनी कंपनीने क्रम लावण्याची रीत बदलली आणि दहा किलोमीटरला किती मिनिटं लागतात यावर यादी बेतली. २०२४ च्या यादीत पुण्याला दहा किलोमीटरसाठी सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागले आणि ते जगात चौथं ठरलं. अशा याद्यांमुळे वृत्तपत्रांना मथळा मिळतो, नगरसेवकाला प्रश्न मिळतो. पण संपूर्ण मुंबईची एक सरासरी काढली की नरिमन पॉइंटचा रविवार आणि चकाल्याचा सोमवार एकाच आकड्यात विरघळून जातात.

टक्केवारीत आणखी एक खोल अडचण आहे आणि अंधेरीत ती फार बोचते. मोकळ्या रस्त्याचा वेग म्हणून बहुधा रात्रीचा वेग धरतात. मेट्रोच्या कामासाठी रस्त्याच्या मधोमध पत्र्यांचं कुंपण उभं राहिलं की ते रात्रीही तिथेच असतं. खड्डे, खोदकाम आणि कडेला लावलेल्या गाड्याही रात्री हटत नाहीत. त्यामुळे रात्रीचा वेगही उतरतो. तुलनेचा पायाच खाली गेल्यामुळे दिवसाची कोंडी टक्केवारीत कमी दिसू लागते. रस्ता चोवीस तास बिघडला की आकडा सुधारतो, असं हे गणित आहे. अकबर, कुतूर, दुरांतोन आणि स्टोरीगार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या १५४ शहरांमधल्या दोन कोटींहून जास्त फेऱ्यांच्या वेळा गूगल मॅप्सवरून गोळा करून पाहिल्या. शहरा-शहरांच्या वेगातला फरक मुख्यतः गर्दीमुळे पडत नाही, गर्दी नसतानाही काही शहरं मुळातच हळू असतात म्हणून पडतो, असं त्यांना आढळलं. रस्त्याचा स्वाभाविक संथपणा आणि गर्दीने आलेली कोंडी या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, हा धडा अंधेरीने त्या अभ्यासातून घ्यायला हवा.

मुदतीला मध्यवर्ती जागा देणारा विचार १९६९ मध्ये विल्यम विकरी यांनी मांडला. त्यांना पुढे १९९६ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी रस्त्याची कल्पना एका अरुंद जागेवर आणून ठेवली: तासाला ठरावीक वाहनंच पलीकडे जाऊ शकतात, त्याहून जास्त आली की रांग लागते. लोक त्या रांगेचा अंदाज घेऊन कुणी लवकर, कुणी उशिरा निघतात. त्यामुळे गर्दी वाढली की तिचा काळ दोन्ही बाजूंनी पसरत जातो. एकूण वाहनं भागिले ताशी क्षमता, एवढा वेळ कोंडी राहणारच.

हे गणित एका कल्पित नाक्यावर करून पाहू. नाक्यातून तासाला ३,००० एककं पार होतात. संध्याकाळी सहा ते आठ दर तासाला ३,६०० येतात, आठनंतर २,४००. दोन तासांत १,२०० एककांची रांग साठते आणि आठनंतर ती दर तासाला ६०० ने कमी होत दहाला संपते. येणारी वाहनं क्षमतेपेक्षा जास्त होती दोनच तास. कोंडी राहिली चार तास. आता कडेला गाड्या लागल्यामुळे किंवा पत्र्याच्या कुंपणामुळे क्षमता फक्त दहा टक्क्यांनी घटली, २,७०० झाली, असं धरा. दोन तासांत रांग १,८०० वर जाते. आठनंतर ती तासाला अवघ्या ३०० ने घटते, म्हणून संपायला सहा तास लागतात. संध्याकाळी सहाला सुरू झालेली कोंडी मध्यरात्रीनंतर दोनला संपेल. रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्याची जास्तीत जास्त वाट पाहणं २४ मिनिटांवरून ४० मिनिटांवर गेलं, पण मुदत चारावरून आठ तासांवर, म्हणजे दुप्पट झाली. क्षमतेतली छोटी घट कोंडीच्या तासांमध्ये एवढी मोठी होऊन उतरते आणि फक्त सात वाजताचा वेग पाहणाऱ्याला ती दिसतच नाही.

प्रत्यक्षात लोक मध्यरात्रीपर्यंत वाट पाहत नाहीत. काही जण फेरी रद्द करतात, काही जण मेट्रो पकडतात, काही जण दुपारीच निघून संध्याकाळची गर्दी दुपारवर ढकलतात. म्हणूनच अंधेरी-कुर्ला रोडवर सकाळचा जाम आणि संध्याकाळचा जाम यांच्यातली दरी बुजत चालली आहे. शिवाय रांग लागली की तिच्या तोंडाशी पार होणारी वाहनंही थोडी घटतात, हे जगभरच्या द्रुतगती मार्गांवर पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. एकदा कोंडी जमली की ती स्वतःला टिकवते. पाच वाजून दहा मिनिटांनी आडवी उभी राहिलेली एक गाडी पाच वाजून वीस मिनिटांनी हटवली, तरी तिची किंमत रात्रीपर्यंत फेडावी लागते. वाहतूक पोलीस बंद पडलेली बस किंवा ट्रक बाजूला घ्यायला इतकी घाई का करतात, त्याचं उत्तर या गणितात आहे.

मुदत मोजायची तर आधी गंभीर कोंडी कशाला म्हणायचं हे ठरवावं लागतं. जपानमध्ये द्रुतगती मार्ग चालवणाऱ्या कंपन्यांनी स्पष्ट व्याख्या केली आहे: ताशी ४० किलोमीटर किंवा त्याहून कमी वेगाने सरकणारी, थांबत-चालत जाणारी रांग किमान एक किलोमीटर लांब असली आणि किमान १५ मिनिटं टिकली तर तो जाम. वेग, लांबी आणि वेळ, तिन्ही अटी एकत्र. ही व्याख्या मला फार आवडते, कारण ती वाचून कुणीही सामान्य माणूस रस्त्यावर पडताळू शकतो. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या कोंडी-अहवालात ‘कोंडीचे तास’ हा आकडाच असतो. तिथे मोकळ्या वेगाच्या ९० टक्क्यांखाली गेलेला वेग कोंडी धरतात. ती पट्टी एस. व्ही. रोडला लावली तर दिवसभर कोंडीच निघेल आणि कुठलाच तास दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसणार नाही. उंबरठा परक्याचा घेऊन चालत नाही, पण व्याख्येची शिस्त घ्यायला हरकत नाही.

अंधेरीसाठी मी दोन उंबरठे सुचवेन आणि दोन्ही टक्केवारीत नसतील, सरळ वेगात असतील. पश्चिम द्रुतगती मार्गावर ताशी २० किलोमीटरखाली आणि बाकीच्या मुख्य रस्त्यांवर ताशी १० किलोमीटरखाली. दहाचा आकडा हवेतून काढलेला नाही. धडधाकट माणूस ताशी पाचच्या आसपास चालतो. वाहनाचा वेग त्याच्या दुपटीखाली गेला की बसमधला प्रवासी उतरून चालायचा विचार करू लागतो, रिक्षावाला पलीकडे जायला नकार देतो, रुग्णवाहिकेला वाट देण्याइतकीही जागा उरत नाही. तो व्यवहारातला उंबरठा आहे. वेळेची अट १५ मिनिटांचीच ठेवावी. मधे पाच-दहा मिनिटं रस्ता मोकळा होऊन पुन्हा तुंबला, तर तो एकच जाम धरावा, नाहीतर सिग्नलच्या प्रत्येक फेरीला नवा जाम मोजला जाईल.

सिग्नलमुळेच रस्त्याचे तुकडे करतानाही काळजी घ्यावी लागते. फार छोटा तुकडा घेतला तर लाल दिव्यापुढचे पन्नास मीटर कायम कोंडीत दिसतात. फार मोठा घेतला, समजा लिंक रोडचा सगळा ओशिवरा-जुहू पट्टा, तर एक मोकळा भाग एका तुंबलेल्या भागाला झाकून टाकतो. एका मोठ्या नाक्यापासून पुढच्या मोठ्या नाक्यापर्यंत, दोन्ही दिशा वेगळ्या, असे तुकडे इथे योग्य ठरतील. आणि रांग मागे कुठवर गेली हेही नोंदायला हवं. अंधेरी स्टेशनपाशी अडलेल्या एस. व्ही. रोडचं शेपूट पार्ल्यात जातं. तिथला माणूस ज्या कोंडीत उभा असतो, तिचं कारण त्याच्या नाक्यावर नसतंच. लांबी गुणिले वेळ, म्हणजे कोंडीचे किलोमीटर-तास, हा आकडा सोबत ठेवला तर एका नाक्यावरची सुधारणा ही खरी सुधारणा आहे की कोंडी नुसती पुढच्या नाक्यावर ढकलली आहे, ते उघड होतं.

साधनांची आज उणीव नाही. जो डेटा गोळा करायला एकेकाळी मोजणीदारांच्या फौजेला महिनाभर लागायचा, तो आता वाहनचालकांच्या खिशातले फोन दर काही सेकंदांनी पाठवत असतात. पण फोन म्हणजे वाहन नव्हे. २०२० मध्ये बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने ९९ फोन एका हातगाडीत घालून ती रिकाम्या रस्त्यावर ओढत नेली आणि गूगलच्या नकाशात तो रस्ता लाल झाला. अंधेरी स्टेशनबाहेर लोकल आल्यावर पायी निघणारा लोंढा, एकाच बसमधले पन्नास-साठ फोन, फटींमधून पुढे जाणाऱ्या दुचाक्या हे सगळं त्याच रस्त्यावर एकत्र असतं. त्यांना नीट वेगळं केलं नाही तर वेग कधी खोटाच कमी, कधी खोटाच जास्त निघतो. दुचाकी जाममधूनही पुढे सरकते. तिचा वेग सरासरीत मिसळला की बसमधल्या माणसाचा खोळंबा झाकला जातो. दुसरी अडचण मालकीची. उबरने काही वर्षं मुंबईसह अनेक शहरांतल्या प्रवासवेळा सर्वांना पाहायला खुल्या ठेवल्या होत्या. ती सेवा २०२३ मध्ये बंद झाली. खासगी कंपनीच्या मर्जीवर शहराची नोंदवही अवलंबून ठेवता येत नाही.

म्हणून मला बेस्टची बस हे सर्वांत भरवशाचं मापनयंत्र वाटतं. ती ठरलेल्या मार्गाने, दिवसभर, पावसातही, त्याच थांब्यांवरून जाते. ओशिवरा, मजास आणि मरोळ आगारांच्या बसगाड्या मिळून अंधेरीचे जवळपास सगळे मुख्य रस्ते पालथे घालतात. बसमधल्या जीपीएसच्या नोंदींवरून दोन थांब्यांमधला वेळ काढला, थांब्यावर चढ-उताराला लागलेला वेळ वजा केला, तर दर पाच मिनिटांनी नाही तरी दर पंधरा मिनिटांनी रस्त्याची स्थिती कळू शकते. रिक्षाचा इलेक्ट्रॉनिक मीटर अंतराबरोबर थांबलेल्या वेळेचेही पैसे धरतो, म्हणजे कोंडी मोजण्याचं एक यंत्र उपनगरातल्या प्रत्येक रिक्षात आधीच बसवलेलं आहे. 

अशी नोंदवही असती तर गोखले पुलाच्या प्रकरणात काय दिसलं असतं, याचा विचार प्रत्येक अंधेरीकराने करायला हवा. १९७५ च्या सुमाराच्या या पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ ला रुळांवर कोसळला, जीवितहानीही झाली. ७ नोव्हेंबर २०२२ पासून संपूर्ण पूल वाहनांसाठी बंद झाला. पहिली बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला उघडली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाची पातळी तिच्याशी जुळत नव्हती. तो पूल उचलून जोडल्यावर जुलै २०२४ मध्ये तोही मार्ग खुला झाला आणि दुसरी बाजू मे २०२५ मध्ये. संपूर्ण बंदीपासून पूर्ण खुला होईपर्यंत अडीच वर्षं गेली. त्या काळात पूर्व-पश्चिम वाहतूक अंधेरी सबवे, गोरे पूल, मिलन आणि जोगेश्वरीकडे वळली. पूर्वेकडच्या रुग्णाला पार्ले पश्चिमेच्या कूपर रुग्णालयात नेताना या वळशाचा अर्थ वेगळाच होता. चर्चा मात्र खर्चावर, तारखांवर आणि दोन पुलांच्या पातळीवर झाली. बंदीमुळे प्रत्येक पर्यायी रस्त्यावर दिवसाचे किती कोंडी-तास वाढले, हे रोजच्या रोज जाहीर होत असतं तर एका महिन्याच्या उशिराची किंमत सगळ्यांना समजली असती. एका बाजूची रचना आधी पूर्ण करावी की दोन्ही बाजू एकदम, रात्रीचे रेल्वे ब्लॉक किती मागावे, हे निर्णय मग त्या आकड्याच्या आधाराने घेता आले असते.

मेट्रोचा हिशेब तर मुदतीशिवाय लागतच नाही. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं, २१ मिनिटांत घाटकोपर. रस्त्याने हाच प्रवास तासाच्या वर जायचा. मग २०२२-२३ मध्ये २अ आणि ७ या मार्गिका आल्या, ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो ३ सीप्झ, एमआयडीसी आणि मरोळ नाक्याला पोचली. तरीही ‘मेट्रो आली, पण जाम कुठे कमी झाला?’ हा प्रश्न चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत विचारला जातो. अमेरिकी अभ्यासक अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच याचं उत्तर दिलं होतं. गर्दीच्या वेळी रस्त्यावर जागा झाली की तीन ठिकाणांहून वाहनं तिथे येतात: दुसऱ्या रस्त्यावरून, दुसऱ्या वेळेवरून आणि दुसऱ्या साधनावरून. ऐन सातला वेग होता तिथेच राहतो. पण जे लोक पूर्वी नाइलाजाने चारला किंवा नऊला निघायचे, ते आता आपल्या सोयीच्या वेळेला निघतात. कोंडी तितकीच तीव्र राहते, पण आखूड होते. मेट्रोचा फायदा शोधायचा तो तिथे, कोंडीच्या दोन्ही टोकांना. तो न मोजता ‘काही फरक पडला नाही’ म्हणणं मेट्रोवर अन्याय आहे, आणि न मोजता ‘फरक पडला’ म्हणणं प्रवाशावर.

कोणते दिवस मोजायचे, हाही साधा प्रश्न नाही. अंधेरी सबवे मोगरा नाल्याच्या भागात पाण्याखाली जातो, तेव्हा तो बंद करावा लागतो आणि त्या दिवशीची कोंडी नेहमीच्या हिशेबात बसत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लोक रात्रभर रस्त्यावरच्या वाहनांत अडकून पडले. अशा दिवसांची सरासरी काढून चालत नाही. गणपतीतही अंधेरीचं पंचांग शहरापेक्षा थोडं वेगळं आहे: अंधेरीच्या राजाचं विसर्जन अनंत चतुर्दशीला होत नाही, संकष्टीला होतं, म्हणून शहराचे रस्ते मोकळे झाल्यावर वर्सोव्याच्या वाटेवर मिरवणूक निघते. वर्षाच्या सगळ्या दिवसांची नोंद ठेवून त्यातला मधला दिवस एक आकडा म्हणून आणि वीसपैकी सर्वांत वाईट एक दिवस दुसरा आकडा म्हणून जाहीर करावा. विमान पकडणाऱ्याला, परीक्षेला निघालेल्या मुलाला आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा असतो, कारण त्यांना घरून निघायची वेळ त्या हिशेबाने ठरवावी लागते.

शेवटी, तास कुणाचे? एका रस्त्यावर पाच तास कोंडी आणि दुसऱ्यावरही पाच तास, पण एकावर बसगाड्या भरून जाणारी माणसं आहेत आणि दुसऱ्यावर एकेकट्याच्या मोटारी, तर दोन्ही रस्त्यांना सारखं वजन देणं मला मान्य नाही. कोंडीच्या तासांना आत अडकलेल्या माणसांनी गुणलं तर बसच्या मार्गिका कुठे आखायच्या, हे वादाशिवाय दिसेल. पश्चिम द्रुतगती मार्ग पूर्वी एमएमआरडीए या विकास प्राधिकरणाकडे होता, आता महापालिकेकडे आहे. सिग्नल महापालिकेचे, नियंत्रण वाहतूक पोलिसांचं, बस बेस्टची, मेट्रो एमएमआरडीए आणि मेट्रो रेल कॉर्पोरेशनची. प्रत्येकाजवळ चित्राचा एकेक तुकडा आहे. ते एकत्र करायला नवं कार्यालय लागत नाही. ठरलेल्या व्याख्येने, ठरलेल्या तुकड्यांवर, दर महिन्याला एक तक्ता सर्वांसमोर ठेवण्याचा आदेश पुरेसा आहे.

सुरुवात करायला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड उत्तम आहे. लोखंडवालातल्या स्वामी समर्थ नगरपासून विक्रोळीपर्यंतची मेट्रो ६ याच रस्त्यावर उभी राहते आहे. गाड्या धावू लागण्याआधी किमान वर्षभर तिथल्या कोंडीचे तास, लांबी आणि अडकलेली माणसं नोंदून ठेवायला हवीत. मार्ग सुरू झाल्यावर आणि पत्रे निघाल्यावर तीच नोंद त्याच व्याख्येने आणखी दोन वर्षं चालू ठेवावी. आधीची नोंद मागाहून कुणालाच करता येणार नाही.